आर्त्योमला कुणी वाचवलं?

‘मेट्रो २०३३’ या रशियन कादंबरीचा नायक आर्त्योम आधी मेला होता. २००२ साली ती पहिल्यांदा वाचकांपुढे आली, तेव्हा भुयारातल्या प्रवासात एक भरकटलेली गोळी त्याला लागायची आणि गोष्ट तिथेच संपायची. ना हौतात्म्य, ना निरोपाचं भाषण. लेखक दिमित्री ग्लुखोव्स्की तेव्हा नुकता विशीत शिरलेला मॉस्कोचा तरुण. अणुयुद्धानंतरच्या जगात माणूस मरेल तर असाच मरेल, हे तर्काला धरूनच होतं. पण नायक मेलेली गोष्ट छापायला प्रकाशक तयार नव्हते. त्यांनी नाकारल्यावर त्याने कादंबरी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली. लोकांनी ती मिटक्या मारत वाचली आणि शेवटाला येऊन भडकले.

वाचकांच्या रागापुढे लेखकाने नमतं घेणं नवीन नाही. कॉनन डॉइलने डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं आणि दहा वर्षांनी त्याला परत आणावं लागलं. आपल्याकडे ‘करमणूक’मधून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येत, तेव्हा पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक गोष्टीत मनाने गुंतलेला असेच. ग्लुखोव्स्कीने मात्र मेलेल्या नायकाला परत आणलं नाही; त्याने ते मरणच पुसून टाकलं. मागे जाऊन कादंबरी वाढवली, नवी प्रकरणं लिहिली, तीही वाचकांच्या नजरेसमोर. २००५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. २००७ मध्ये कोपनहेगनला भरलेल्या युरोपीय विज्ञानकथा संमेलनात तिला उत्तेजनार्थ पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये इंग्रजी अनुवाद आला. त्याच वर्षी कीव्हच्या ‘फोर ए गेम्स’ या कंपनीने तिच्यावरून व्हिडिओ गेम काढला आणि ज्यांनी आयुष्यात रशियन कादंबरी हातात धरली नव्हती, अशी लाखो मुलं आर्त्योमला ओळखू लागली.

या कादंबरीबद्दल गेली वीस वर्षं वाचक जे बोलतात, ते मला कादंबरीइतकंच रंजक वाटतं. तिच्या घडणीतच वाचकांचा हात आहे, त्यामुळे त्यांच्या तक्रारींना थोडा घरच्या भांडणाचा रंग आहे. (पुढे शेवट फोडलेला आहे. ज्यांना कोरी पाटी घेऊन वाचायचंय, त्यांनी आधी कादंबरी वाचावी.)

गोष्ट थोडक्यात अशी. २०१३ मध्ये महायुद्ध झालं, मॉस्को बेचिराख झालं, आणि त्या वेळी जे भुयारी रेल्वेत होते किंवा धावत आत शिरू शकले, तेवढेच उरले. वीस वर्षांनंतर स्टेशनांची राष्ट्रं झाली आहेत. वर्तुळाकार मार्गावर ‘हान्सा’ हा व्यापाऱ्यांचा संघ आहे, लाल मार्गावर कम्युनिस्ट आहेत, आणि पुश्किन्स्काया, चेखोव्स्काया व त्वेर्स्काया या तीन जोडलेल्या स्टेशनांत ‘चौथं राइख’ म्हणवणारे फॅसिस्ट. चलन म्हणून बंदुकीची काडतुसं चालतात. जीव वाचवायला गोळी झाडली की तेवढे पैसे गेले. खायला भुयारात वाढवलेली अळिंबी आणि डुकराचं मांस, ज्यांना तेही परवडत नाही त्यांना उंदीर. उत्तरेकडच्या वेदेएनखा या स्टेशनचा अळिंबीचा चहा नावाजलेला आहे, तोच त्यांचा बाहेर विकायचा माल. त्याच स्टेशनवर वरच्या जगातून ‘काळे’ म्हणून ओळखले जाणारे जीव उतरू लागलेत. त्यांना पाहून पहारेकऱ्यांची मती फिरते. हंटर नावाचा लढवय्या आर्त्योमला सांगून जातो, की मी परतलो नाही तर ‘पॉलिस’ नगरीत निरोप पोचव. हंटर परतत नाही. विशीतला, कधी फार लांब न गेलेला हा पोरगा मग निघतो.

रशियन वाचक पहिल्यांदा भुलला तो या भूगोलाला. ही सगळी स्टेशनं खरी आहेत, तो रोज त्यांतून ये-जा करतो. मॉस्कोची मेट्रो १५ मे १९३५ रोजी १३ स्टेशनांनिशी सुरू झाली, आणि तिचा आश्रयाशी असलेला संबंध कल्पनेतला नाही. १९४१ मध्ये जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती तेव्हा मॉस्कोकर रात्री याच भुयारांत झोपत. त्या वर्षी ६ नोव्हेंबरला क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा मायाकोव्स्काया स्टेशनात भरली आणि स्तालिनने तिथूनच भाषण केलं. पुढे शीतयुद्धात स्टेशनं जाणूनबुजून खोल खोदली गेली. १९५८ चं वेदेएनखा जमिनीखाली ५० मीटरांहून खोल आहे. प्रवेशद्वारांपाशी हवाबंद होणारे पोलादी दरवाजे बसवले गेले. गुप्त, समांतर लष्करी मार्गाच्या वदंता तर मॉस्कोत कित्येक वर्षं फिरताहेत, आणि कादंबरीने त्याही वापरल्यात. त्यामुळे सकाळच्या गर्दीत लटकून जाणाऱ्या माणसाला हे पुस्तक वाचताना दरवाजाकडे एकदा नजर टाकावीशी वाटली, तर नवल नाही. परदेशी वाचकाला ही चैन नाही. तो नकाशा मांडीवर घेतो आणि लांबलचक रशियन नावांना वैतागतो.

वैतागाची पुढची पायरी म्हणजे सगळ्यांत जुनी तक्रार: हा पोरगा नुसता चालतो. एका स्टेशनातून दुसऱ्यात, प्रत्येक ठिकाणी एक माणूस भेटतो, तो आपलं तत्त्वज्ञान ऐकवतो, मग काहीतरी भयंकर घडतं, की पुढचं स्टेशन. साहसकथा म्हणून उचललेल्या पुस्तकात पानंच्या पानं संभाषण निघाल्यावर चिडलेले वाचक पुष्कळ. मला स्वतःला ही रचना वारीसारखी वाटते. पोचायचं कुठे ते ठाऊक असतं, पण कथा मुक्कामांची असते. खान नावाचा एक इसम स्वतःला चंगेजखानाचा अवतार समजतो आणि भुयारांशी बोलतो. तो वेडा की शहाणा, हे कादंबरी ठरवत नाही. पावेलेत्स्काया स्टेशनवर उंदरांची शर्यत लागते. आर्त्योमचा सोबती पैज लावतो, हरतो, आणि आर्त्योमच्या वाट्याला संडास साफ करण्याची शिक्षा येते. तो काही दिवस घाण उपसतो आणि एके दिवशी चालू पडतो. त्याच्या अंगाचा वास इतका असह्य, की पहारेकरीसुद्धा अडवायला धजत नाहीत. जग वाचवायला निघालेल्या नायकाला असं काम देणारी साहसकादंबरी मी दुसरी वाचलेली नाही. हे प्रकरण ज्यांना ‘कथानक पुढे सरकत नाही’ म्हणून कंटाळवाणं वाटतं, त्यांच्याशी माझं जमणार नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आर्त्योम स्वतः फारसं काही करत नाही, दर वेळी कुणीतरी त्याला वाचवतं. राइखमध्ये त्याच्या गळ्यात फास पडलेला असतो, तेवढ्यात चे गव्हेराचं नाव लावणारी चार-पाच जणांची क्रांतिकारी तुकडी कुठूनशी उगवते आणि त्याला उचलून नेते. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर समीक्षकांनी हसून पुस्तक मिटलं असतं. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी आरशात बघावं. जिथे पहिल्या मसुद्यात एक भरकटलेली गोळी नायकाचा जीव घेते, ते जग योगायोगाचंच आहे. वाचकांनी हट्ट धरला की तो जगला पाहिजे. त्याच जगात त्याला शेवटपर्यंत जगवायचं, तर सुदैवाच्या योगायोगांची रांग लागणारच. नायक मेला तर चालत नाही, आणि वाचला तर कसा वाचला म्हणून विचारायचं.

स्त्रियांबद्दलचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. एवढ्या जाड पुस्तकात नाव घ्यावं, ऐकून घ्यावं, असं एकही स्त्रीपात्र नाही. आया आहेत, चहा देणाऱ्या आहेत, पार्श्वभूमीला कुजबुज आहे. वीस वर्षं माणसं भुयारात संसार करताहेत, मुलं जन्मताहेत, पण लेखकाचं तिकडे लक्षच नाही. तरुण वयात लिहिलेलं पुस्तक, यापलीकडे त्याला बचाव नाही. पुढच्या ‘मेट्रो २०३४’मध्ये त्याने साशा नावाची मुलगी मध्यभागी आणली.

विज्ञानकथेचे वाचक हिशेब मांडतात, आणि ते इथे मांडले गेलेच. पहिला किरणोत्साराचा. अणुस्फोटानंतर खाली येणाऱ्या धुळीचा किरणोत्सार फार वेगाने उतरतो. स्थूल नियम असा, की काळ सातपट झाला की मात्रा दहाव्या हिश्श्यावर येते. स्फोटानंतर तासाभराने जी मात्रा असेल, ती ७ तासांनी दहावा भाग, ४९ तासांनी शंभरावा आणि साधारण दोन आठवड्यांनी हजारावा भाग. वीस वर्षांनी उरतात ती सीझियम-१३७ सारखी चिवट मूलद्रव्यं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचं, म्हणजे वीस वर्षांनीही जवळपास ६३ टक्के शिल्लक. ते मातीत, पिकांत, दुधात उतरतं आणि धोकादायक असतंच. पण कादंबरीतल्यासारखा, वर गेलेल्या माणसाने वायुरोधक मुखवटा काढला की कोसळावा, इतका जहरीपणा शहरभर टिकणार नाही. दुसरा हिशेब राक्षसी प्राण्यांचा. वीस वर्षांत उत्परिवर्तनाने कादंबरीतल्या वरच्या जगात हिंडतात तसे पंखवाले दैत्य निपजत नाहीत. किरणोत्साराने प्राणी बहुतेक वेळा आजारी पडतात आणि मरतात. चेर्नोबिलच्या निर्मनुष्य पट्ट्यात माणूस गेल्यावर लांडगे, एल्क, रानडुकरं वाढली, आणि ती दिसायला लांडगे, एल्क आणि रानडुकरांसारखीच आहेत. तिसरा हिशेब पोटाचा. अळिंबी सूर्यप्रकाशावर जगत नाही हे खरं, पण ती ऊर्जा निर्माणही करत नाही. तिला कुजायला काहीतरी लागतं, लाकूड, भुसा, शेण. ते खाऊन अळिंबी, ती खाऊन डुकरं, ती खाऊन माणसं. प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा गळते. उजेडाशिवाय हे चक्र वीस वर्षं फिरत नाही. शिवाय जमिनीखालचं पाणी सतत उपसावं लागतं. पंप थांबले तर खोल भुयारं हळूहळू भरत जातील.

हे सगळं बरोबर आहे, आणि तरी कादंबरीला फारशी इजा होत नाही. ग्लुखोव्स्कीचा डोळा विज्ञानावर नव्हताच. माणसं एकत्र कोंडली की काय-काय पुन्हा उभं करतात, यावर होता. त्याचा उत्तम नमुना म्हणजे पॉलिस, आणि तिथे भारतीय वाचक हमखास थबकतो. लेनिन ग्रंथालयाभोवतीच्या चार जोडलेल्या स्टेशनांची ही नगरी, मेट्रोतली एकमेव जागा जिथे विद्येला किंमत उरली आहे. आणि या सुसंस्कृत नगरीने समाज कसा विभागलाय? ब्राह्मण, क्षत्रिय, व्यापारी आणि सेवक. ब्राह्मण पुस्तकं सांभाळतात, क्षत्रिय रक्षण करतात, दोघांत कुरघोडी चालू असते. वर्ण जन्माने मिळत नाही, वयात आल्यावर स्वतः निवडायचा असतो. नंतर मात्र बदलता येत नाही. परदेशी वाचकाला ही एक गमतीदार कल्पना वाटते. ज्याने महाराष्ट्रात राहून फुले-आंबेडकर वाचले आहेत, त्याला ती इतक्या सहज पचत नाही. कादंबरीतले ब्राह्मण एका गुप्त ग्रंथाच्या शोधासाठी इतरांना मरायला वर पाठवतात, त्यावरून लेखकालाही ही व्यवस्था आदर्श वाटत नसावी. पण ज्ञानाचं रक्षण करायचं म्हटल्यावर त्याला सुचली ती जातीचीच चौकट, आणि या निवडीवर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. पंखवाल्या दैत्यांवर मात्र वाद झडतात.

आता शेवट. काळ्यांचा नायनाट करायला क्षेपणास्त्रं सापडतात. मारा अचूक व्हावा म्हणून आर्त्योम वर जातो, ओस्तानकिनोच्या ५४० मीटर उंच दूरदर्शन मनोऱ्यावर चढतो. आणि तिथे, अगदी शेवटच्या काही पानांत, त्याला उमगतं की काळे मारायला येत नव्हते. ते बोलायला येत होते. ते नवे, शहाणे जीव होते, त्यांना माणसांपर्यंत पोचायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी दुभाषा म्हणून आर्त्योमलाच निवडलं होतं. लहानपणी बोटॅनिचेस्की साद स्टेशनचं हवाबंद दार त्यानेच मित्रांबरोबर उघडं टाकलं होतं. त्याची स्वप्नं, त्याची भीती, सगळं त्या एका हाकेचा भाग होतं. हे कळेपर्यंत क्षेपणास्त्रं सुटलेली असतात.

वाचक इथे दोन तट करून भांडतात. एका तटाला हा शेवट लादलेला वाटतो: चारशे-पाचशे पानं लपवलं आणि शेवटी टाचणी टोचली. दुसऱ्याला तो सगळ्या भटकंतीचं सार्थक वाटतो, कारण मागे जाऊन पाहिलं तर खुणा जागोजागी पेरलेल्या सापडतात. मी दुसऱ्या तटात आहे. आणि माझ्या मते २००२ च्या वाचकांना दिलेलं खरं उत्तर इथेच आहे. तुम्हाला तो जिवंत हवा होता ना, मग घ्या. पहिल्या शेवटात तो निर्दोष मेला असता. दुसऱ्यात तो एका अख्ख्या जातीच्या संहाराचा साक्षी आणि निमित्त होऊन, मुखवटा काढून, आपल्या भुयाराकडे परत चालू लागतो. गोळी दयाळू होती.

व्हिडिओ गेममध्ये ही कोंडी फोडायची सोय आहे. खेळताना तुम्ही माणसांशी बऱ्यापैकी वागलात, थोडं थांबून ऐकलंत, तर शेवटी क्षेपणास्त्रं रोखण्याचा पर्याय मिळतो. पण गेमचा पुढचा भाग आला तो काळे मेले असंच धरून. पर्याय मिळाला खरा, पण अधिकृत इतिहासात तो धरला गेला नाही.

पुढच्या भागांबद्दल वाचकांची मतं बघितली की लेखकाची चाल अधिक स्पष्ट होते. २००९ च्या ‘मेट्रो २०३४’वर बहुतेकांनी नाक मुरडलं: आर्त्योम कुठेय? इथे म्हातारा होमर आहे, परतलेला पण बदललेला हंटर आहे, साथीचा रोग आहे, आणि साहसाचा वेग मंद. मलाही तो दुबळा वाटला. मात्र याच सुमारास ग्लुखोव्स्कीने एक उदार गोष्ट केली, आपलं जग इतर लेखकांना खुलं केलं. डझनावारी पुस्तकं आली. शिमून व्रोचेकचं ‘पीतेर’ सेंट पीटर्सबर्गच्या भुयारांत घडतं, इटलीच्या तुल्लिओ आव्होलेदोने कथा रोमकडे नेली. ज्यांना त्याच जगातली आणखी साहसं हवी होती त्यांची सोय झाली, आणि मूळ लेखक मोकळा झाला.

तो मोकळेपणा त्याने २०१५ च्या ‘मेट्रो २०३५’मध्ये वापरला, आणि वाचक दुखावले ते इथे. आर्त्योम परत आलाय, पण लग्न झालेला, चिडका, रोज वर जाऊन रेडिओवर कुणाचा तरी आवाज शोधणारा, गावाने वेडा ठरवलेला. शेवटी त्याला कळतं की जग संपलेलंच नव्हतं. बाकीची शहरं आहेत, माणसं आहेत. मॉस्कोला बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून संदेशलहरी मुद्दाम दाबून टाकल्या जात होत्या. तो धावत खाली येऊन सांगतो, चला, वर चला. लोक येत नाहीत. त्यांना शत्रूने वेढलेलं आपलं भुयार हवंय. आधीच्या भागांतले दैत्य आणि गूढ इथे गायब आहेत, भाषा शिवराळ आहे, राजकारण उघडं आहे. जुन्या चाहत्यांचा राग मला समजतो. त्यांचं लाडकं जग लेखकाने त्यांच्यासमोर खोटं ठरवलं. पण रशियाने क्रिमियाचा ताबा घेतल्याच्या पुढच्या वर्षी आलेलं पुस्तक आहे हे, आणि रशियात ते कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं.

फेब्रुवारी २०२२ नंतर ही सगळी चर्चा वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचली. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि खार्किव्हच्या मेट्रोत लोक खरोखर राहायला गेले. फलाटांवर आणि उभ्या डब्यांत गाद्या पडल्या. गाड्या सुमारे तीन महिने बंद होत्या. २०२३ च्या सप्टेंबरपासून तिथल्या काही स्टेशनांत शाळेचे वर्ग भरू लागले. कादंबरीवरून गेम बनवणारी मंडळी कीव्हची. त्यांच्या शहरातही सायरन वाजला की लोक भुयारात उतरत होते. ग्लुखोव्स्कीने युद्धाला उघड विरोध केला. जून २०२२ मध्ये त्याचं नाव रशियाच्या ‘हवे असलेल्यां’च्या यादीत गेलं, त्याच वर्षी त्याला ‘परकीय हस्तक’ ठरवलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला आठ वर्षांची शिक्षा सुनावली. तोवर तो देशाबाहेर पडलेला होता. ‘२०३५’ प्रचारकी आहे, या जुन्या मतावर वाचकांनी आता पुन्हा विचार करायला हरकत नाही.

वाचायचं असेल तर सुरुवात ‘२०३३’पासूनच करावी. इंग्रजी अनुवाद जरा रुक्ष आहे, पहिली पन्नासेक पानं दमवतात. शेकोटीभोवतीच्या पहारेकऱ्यांच्या गप्पा संपेपर्यंत धीर धरावा. मॉस्को मेट्रोचा नकाशा शेजारी असू द्यावा, आणि वेदेएनखापासून पॉलिसपर्यंतची वाट बोटाने काढत जावी. ‘२०३४’ सोडलं तरी फारसं बिघडत नाही. ‘२०३५’ मात्र लगेच हाती घेऊ नये, मध्ये काही महिने जाऊ द्यावेत. आर्त्योमची आठवण थोडी धूसर झाली, की तो चिडका, न ऐकला जाणारा माणूस जास्त खरा वाटतो.